फुजैराचे लेव्हलचाचा

लेव्हलचाचा आमच्या घरात शिरले की खुर्चीवर बसायच्या आधी खिशातली पातळी तपासायची छोटी लेव्हल काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवायचे. काचेच्या नळीतला बुडबुडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "वहिनी, तुमचं घर अजून थोडं समुद्राकडं सरकलं." अमिरातीतल्या फुजैरातला आमचा व्हिला जुना होता. फरशा खचलेल्या, चौकटी तिरक्या, आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीत एक अवजड विंडो एसी. चाचा मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. एका मेन्टेनन्स कंपनीत त्यांची तीस वर्षं झाली होती. त्यातली सहा वर्षं ते आमच्याकडे येत होते.

एसी 'सरळ बसवा' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "सरळ बसवला तर पाणी जाणार कुठं?" एसी बाहेरच्या अंगाला किंचित कलता हवा, म्हणजे आतलं पाणी बाहेर ठिबकतं. "अर्धं बोट. जास्त नाय, कमी नाय." ते अर्धं बोट साधण्यासाठी लाकडाची पाचर तासत ते दुपार घालवायचे. कंपनीतले पोरगेलेसे टेक्निशियन फोम कोंबून दहा मिनिटांत निघून जात. चाचा त्यांच्याबद्दल वाईट बोलत नसत. नंतर जाऊन तो फोम काढत, एवढंच.

एका ऑगस्टमध्ये माझे सासरे, आप्पा, सांगलीहून आमच्याकडे राहायला आले. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती. दुसऱ्याच दिवशी त्या पोरांनी कधीतरी बसवलेल्या एसीचं पाणी त्यांच्या उशीवर पडायला लागलं. चाचांनी एसी बाहेर ओढला आणि चौकटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड कुजलं होतं.

माझ्या नवऱ्याची मीटिंग चालू होती. तो दारातूनच म्हणाला, "चाचा, आज ॲडजस्ट करून द्या ना. नेक्स्ट वीक प्रॉपर बघू."

"साहेब, हा एसी तुमच्या वडलांच्या छातीवर पडेल. मी नाय लावणार. खलास."

नवरा चिडला. चाचांनी आणि मी मिळून आप्पांना खुर्चीत बसवलं आणि पलंग हॉलमध्ये आणला. पुढचे दोन दिवस चाचा लोखंडी चौकट तयार करत होते. आप्पांचं बोलणं इतकं जड झालं होतं, की ते आम्हालाही धड कळत नसे आणि आम्ही त्यांची वाक्यं आपणच पुरी करून टाकायचो. चाचा मात्र त्यांना सांगलीच्या नदीतल्या माशांबद्दल विचारायचे आणि हातातलं काम थांबवून उत्तराची वाट बघायचे. तिसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "ह्यांना... जेवायला वाढ." इथे आल्यापासून त्यांनी पुरं केलेलं ते पहिलं वाक्य होतं.

पुढच्या उन्हाळ्यात चाचांनी बसवलेला एक एसी आत गळला. असं कधी झालं नव्हतं. ते आले, लेव्हल ठेवली आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. "वहिनी, बुडबुडा कुठं हाय?"

"डावीकडे."

"मला दिसत नाय," ते हळूच म्हणाले.

मी डॉक्टरचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. "कंपनीला कळलं तर व्हिसा कॅन्सल. धाकट्या पोरीचं लग्न व्हायचंय, इन्शाल्ला. कुणाला बोलू नका."

मी बोलले नाही. आमच्या घरी मी त्यांना बुडबुडा वाचून दाखवायचे. बाकीच्या घरांत कोण वाचून दाखवत असेल, हे मी स्वतःला विचारलं नाही.

महिन्याभरानं एका दुपारी मी भाजी घेऊन परतत होते. एका इमारतीसमोर चाचा भर उन्हात हात पसरून उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना रस्त्याच्या पलीकडे पाठवत होते. वर दुसऱ्या मजल्यावर त्यांनीच सकाळी बसवलेला एसी होता.

"एक बोल्ट नीट बसला का, खात्री नाय. परत आलो तर घराला कुलूप. कंपनीला फोन केलाय."

"तुम्ही सावलीत बसा, मी थांबते."

"नाय वहिनी. माझं काम हाय."

मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. तासाभरानं दोघं जण शिडी घेऊन आले. बोल्ट खरंच अर्धाच फिरला होता. तो घट्ट झाल्याचं वरून ओरडून सांगितल्यावर चाचा फुटपाथवर बसले. "आता कंपनीच्या साहेबाला सगळं सांगतो," ते म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांत त्यांचं परतीचं तिकीट आलं.

निघताना ते आप्पांना भेटायला आले. आप्पांनी उजव्या हातानं त्यांचा हात धरला तो सोडेचनात. मी म्हणाले, "चाचा, मी आधीच बोलायला हवं होतं."

"तुम्ही शब्द पाळलात. चूक माझी."

दोन महिन्यांनी रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल आला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, धाकटीचं लग्नही ठरलं होतं. चाचा माझ्याकडे निरखून बघत राहिले.

"वहिनी, तुम्हाला चष्मा कधी लागला?"

"चार वर्षं झाली, चाचा."

मनातल्या मनात ते एकेक घर, एकेक खिडकी आठवत असावेत. मग त्यांनी डोळे पुसले. "अल्लाची मेहेरबानी, वहिनी," ते म्हणाले. "चार वर्षांत कुणाच्या डोक्यावर काय पडलं नाय."