तांब्यासाहेबांविरुद्धचा अर्ज

लिहिणार : मी, कोरेगाव कचेरीबाहेरचा अर्जनवीस, शिक्षण सातवीपर्यंत, लेखणीचा अनुभव बावीस वर्षे. ज्यांच्याविषयी लिहितो : आमच्या तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी, ज्यांना मास्तरमंडळी माघारी ‘तांब्यासाहेब’ म्हणत. काळ : नव्वदीच्या दशकाची मधली काही वर्षे. ठिकाण : कोरेगाव, आणि नंतर सांगली. साक्षीदार : कचेरीसमोर चहा विकणाऱ्या शांताक्का, आणि पूर्वेकडच्या माळावरची धनगराची मुलगी सखू, जिचा पत्ता मेंढरांबरोबर बदलतो. तिसरा साक्षीदार मीच. आरोपीही मीच असल्याने माझी साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

साहेब शाळेत गेले की हजेरीपट मागत नसत, तांब्याभर पाणी मागत. मास्तरांना वाटे, या माणसाला तहानच फार. खरी गोष्ट निराळी होती. खाजगी संस्थेच्या शाळेत पट भरलेला दिसला तरच सरकार तुकडीला मान्यता देते. म्हणून तपासणीच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची मुले आणून बाकांवर बसवीत, प्रत्येकाला कुणाचे तरी नाव देत, आणि नाव पुकारले की ते मूल ‘हजर’ म्हणे. इतर अधिकारी जीपमधून येत, हजेरी घेत, जेवत आणि सही करून जात. आमचे साहेब एसटीने येत, वर्गाच्या दारात उभे राहत आणि एखाद्या मुलाला म्हणत, “बाळ, जरा पाणी आणतोस?” शाळेचे मूल सरळ रांजणाकडे जाई. उसने आणलेले मूल दाराबाहेर थबकून दोन्हीकडे पाही.

“हजेरी द्यायला शिकवता येतं, लेखक,” ते मला म्हणाले होते. “रांजण कुठं आहे ते शिकवायचं कुणाला सुचत नाही.”

ते मला ‘लेखक’ म्हणत. असे म्हणणारा दुसरा माणूस मला आयुष्यात भेटला नाही. शाळाभेटीहून परतताना माझ्या टेबलाशी बसत आणि माझे मसुदे मागून घेऊन वाचत. “हे वाचलं की समोरच्याला वाटणार, आपण हरलोच,” असे म्हणून मान डोलावत. शांताक्का चहा ओतता ओतता म्हणत, “सायब, ह्यांच्या नादी लागू नगा. ह्ये लिवाय बसलं तर गाय बी दूध चोरल्याचं कबूल करंल.” साहेब हसत. मीही हसे, आणि मनातून फुगे.

एकदा त्यांनी पाण्याचे दुसरे कारण सांगितले. त्यांचे वडील बौद्ध होण्याआधीच्या काळात शाळेत गेलेले. “त्यांना रांजणाला हात लावू देत नसत. शिपाई वरून ओंजळीत ओतायचा. शिपाई रजेवर असला की दिवसभर तहान. आता कुठल्याही घरचं पोरगं रांजणात हात घालून माझ्यासाठी तांब्या भरतं. तपासणी होतेच, पण ते पाणी फार गोड लागतं.” हे त्यांनी मला सांगितले होते. मला ठाऊक नव्हते, असे मी कुठेही म्हणणार नाही.

पूर्वेकडच्या एका संस्थेच्या शाळेत त्यांनी असेच, मास्तरांनी सुनंदा म्हणून उभ्या केलेल्या एका मुलीला पाण्याला धाडले. ती परत येईना, तेव्हा साहेबच बाहेर गेले. मुलगी भिंतीशी रडत उभी होती.

“काय झालं गं?”

“रांजण गावंना.”

“तू सुनंदा ना?”

“न्हाई. म्या सखू. आज येकच दिस यायचं म्हनल्यात. लाडू द्येनार हायत.”

“आणि उद्या यायचं म्हटलं तर?”

तिने डोळे पुसले. “उद्या बी लाडू हाय व्हय?”

हे सांगताना साहेब हसले. त्यांनी तुकडीची मान्यता काढण्याविषयी स्पष्ट अहवाल दिला. त्याचबरोबर मुख्याध्यापकांना समोर बसवून सखूचे नाव, तिचे स्वतःचे नाव, पटावर लिहून घेतले. मेंढरे पुढच्या मुक्कामी निघाली की तिला दाखला द्यायचा, म्हणजे ती तिथल्या शाळेत बसेल, असे तिच्या बापाला समजावले. पुढे दर आठवड्याला मुद्दाम जाऊन पाहत. सखू येत होती.

मग त्या संस्थेचे सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आले. “ह्यो सायब तालुक्यातनं गेला पायजे.”

“आधार काय?” मी विचारले.

“त्यो तुमी हुडका की. लोक तुमाला उगंच मानत्यात व्हय?”

या शेवटच्या वाक्याला मी भुललो. मी लिहिले : ‘सदर अधिकारी शाळाभेटीचे वेळी अजाण विद्यार्थ्यांकडून पाणी आणवून घेतात, त्यांस घरगड्याप्रमाणे राबवितात, सबब पालकवर्गात तीव्र असंतोष आहे.’ असंतोष नव्हता. तो अर्जात घालण्याची रीत आहे. पाण्याची गोष्ट मात्र खरी होती, आणि खऱ्या गोष्टीवर उभारलेला अर्ज खोटा ठरत नाही, अशी मी माझी समजूत घातली. त्या दिवशी मला माझा मसुदा फार आवडला होता.

साताऱ्याहून चौकशी आली. मुलांना विचारले, साहेब पाणी आणायला सांगतात का? सगळी एका सुरात म्हणाली, “व्हय जी!” कशासाठी, हे कुणी विचारले नाही. साहेबांचा अहवाल बाजूला पडला. त्यांची बदली सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कार्यालयात, जुनी दप्तरे लावायला झाली. शाळेत पाऊल टाकण्यास मनाई, चौकशी प्रलंबित.

जाण्याआधी ते आले. अर्जाची नक्कल माझ्यापुढे ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “मसुदा उत्तम आहे, लेखक. पाणी का मागत होतो, तेवढं एक वाक्य राहिलं.”

त्यांनी चहा संपवला, मला नमस्कार केला आणि ते स्टँडकडे गेले. शांताक्कांचा हात किटलीवरच राहिला होता. “आवं... तुमी?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या माझ्यापुढे चहा ठेवतात, बोलत काही नाहीत.

माझा गुन्हा लेखी कबूल करायला मला दीड वर्ष लागले. तो कागद घेऊन मी विश्रामबागेत गेलो. तिथला कारकून म्हणाला, “ते गेले की. दोन महिने झाले. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवलं, ते उठलेच नाहीत.” मी चौकशीचे विचारले. तो म्हणाला, “माणूसच नाही, आता कुणाची चौकशी? आहे तशीच पडली असेल.” मी कागद घडी करून परत पिशवीत ठेवला. सांगली स्टँडवर साताऱ्याच्या तीन गाड्या माझ्यादेखत सुटल्या, मला उठवेना.

सखूला दाखला कुणी दिला नाही. मेंढरे गेली, त्यांच्याबरोबर ती गेली आणि तिची शाळाही गेली. तिचे नाव मात्र अजून पटावर आहे. तपासणीच्या दिवशी दुसरी कुणीतरी मुलगी उठते आणि त्या नावाला ‘हजर’ म्हणते.

सबब विनंती करण्यात येते की, मयत अधिकाऱ्यांवरील चौकशी प्रलंबित न ठेवता त्यांना निर्दोष ठरवून बंद करावी, व तशी नोंद त्यांच्या घरच्यांना कळवावी. तक्रारीचा मजकूर रचणारा मी हयात आहे, बोलावल्या दिवशी हजर राहीन. शिक्षा असल्यास मला द्यावी. सखूला शोधून शाळेत बसवावे. या अर्जाचे उत्तर यावे. नकार आला तरी चालेल, पण तो लेखी असावा, आणि त्यावर कुणाची तरी खरी सही असावी.