परतीची पार्सलं

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या मराठी मंडळात मला कुणी 'कशी आहेस' असं विचारत नाही. थेट फुटलेल्या मालाचा फोटो पाठवतात. ऑनलाइन घेतलेला एक मिक्सर मी भांडून परत केला, तेव्हापासून सगळ्यांच्या तक्रारी माझ्या गळ्यात. असे किस्से साठत जातात. मी ते हसून सांगते, पण त्यात हसण्यासारखं फार काही नसतं.

*

संदीपने वेबसाइटवरच्या एका माणसाकडून वापरलेला लॅपटॉप घेतला. पुण्याची सवय, घासाघीस केलीच. विक्रेता म्हणाला, वेबसाइट सोडून थेट बँकेत पैसे भर, आणखी कमी करतो. याने खुशीत भरले. लॅपटॉप आलाच नाही, आणि व्यवहार बाहेर झाला म्हणून वेबसाइटने हात वर केले. मी त्याला चांगलंच झापलं. तो एवढंच म्हणाला, "पण भाव कसला पाडला होता मी!"

*

मेधाचा फूड प्रोसेसर ऑगस्टमध्ये आला. दसऱ्याला पूजा करूनच वापरायचा म्हणून खोका तसाच ठेवला. दसऱ्याला बाहेर काढला, हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं. मोटर बंद. सदोष वस्तू तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. ते दिवस कधीच उलटले होते. आता आधी दुरुस्तीच मागायची. फोटो पाठवले, तर दुकानाचा उलट प्रश्न, हे लाल डाग कसले? मेधा मला म्हणाली, "रक्त नाही, एवढं तरी लिही."

*

रोहन इथेच जन्मलेला. आजोबा पूर्वी तबला वाजवायचे, म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला त्याने तबला मागवला. आला तो मुठीत मावेल एवढा, शोभेचा. वर्णनात उंची स्पष्ट दिली होती.

"ताई, मी फक्त फोटो बघितला. डिस्क्रिप्शन वाचला नाही."

वर्णन खरं होतं, विक्रेता दुकानदार नव्हे, खाजगी माणूस. तक्रारीला जागाच नव्हती. आजोबांनी तो तबला टीव्हीशेजारी ठेवला आणि पुन्हा वाजवायचं नाव काढलं नाही.

*

दामलेकाकांनी काकूंसाठी चाकांची खुर्ची मागवली. काकू हॉस्पिटलमधून घरी येणार होत्या. खुर्ची सोमवारी आली. बुधवारी काकू हॉस्पिटलमध्येच गेल्या.

तेराव्याच्या दुपारी काकांचा फोन आला. खुर्ची घरात बघवत नव्हती. ती परत करायची मुदत त्याच दिवशी संपत होती. फॉर्मवर कारण काय लिहायचं, तिथे ते अडले होते. खुर्चीत दोष नव्हता, आणि काकूंचं परक्या माणसांना सांगवत नव्हतं.

मी म्हटलं, "काका, दुकानाकडून ऑनलाइन घेतलेलं चौदा दिवसांत परत करता येतं. कारण सांगायची सक्ती नाही. रकाना रिकामा सोडा."

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. फॉर्म पाठवून झाला होता, स्क्रीन अजून उघडीच होती. कारणाच्या रकान्यात काकांनी इंग्रजीत लिहिलं होतं, "खुर्ची उत्तम आहे. तुमची काही चूक नाही."