खचलेल्या भुईवरचे देवरावमामा

मामींचा फोन आला तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. "तुझे मामा गेले रे बापू," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी झारखंडात, इथल्या एका बंद खाणीवर माती भरायच्या आणि झाडं लावायच्या कामावर आहे. रेल्वेने पांढुर्ण्याला उतरून मामांच्या गावी, सौसरला पोचलो तोवर तिसरा दिवस उजाडला होता. मामींनी आधी जेवायला वाढलं, मग रडल्या.

देवरावमामा माझ्या आईचे मावसभाऊ. अर्धं आयुष्य त्यांनी सौसरपलीकडच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीत काढलं. वरचं छत लोखंडी काठीने ठोकायचं आणि पक्कं आहे की नाही हे आवाजावरून सांगायचं, हे त्यांचं काम. खाण बंद झाली, आतल्या पोकळ्यांवरची भुई खचू लागली, तेव्हा भेगा बुजवून तिथे झाडं लावायच्या कामावर ठेकेदाराने मामांनाच मुकादम केलं. मी आठवी सोडून मोहगावला घरी बसलो होतो. याला घेऊन जातो, असं मामा म्हणाले मात्र, आईने त्यांना चहाही पुरा पिऊ दिला नाही, लगेच माझी पिशवी भरली.

भेग बुजवायची म्हणजे आधी दगड, मग मुरूम, वर चिकणमाती कुटून बसवायची आणि उंचवटा ठेवायचा, म्हणजे पाणी थांबत नाही. कुटलेल्या मातीवर मामा स्वतः उडी मारून पाहायचे. कामावरच्या बाया हसायच्या. "हसा बाप्पा. मी खाली गेलो तं माह्या डब्यातली भाजी वाटून खाजा," असं म्हणून ते पुन्हा उडी मारायचे.

एकदा मामा तापाने आठ दिवस घरी राहिले आणि करंज-सीताफळाची रोपं लावायचं काम माझ्याकडे आलं. आमची पिढ्यान्‌पिढ्या संत्र्याची बाग. हात आपोआप चालले... प्रत्येक रोपाला मी उंचवटा मोडून गोल, खोलगट आळं केलं आणि टँकरने भरभरून पाणी दिलं. बघणारे म्हणाले, बाग दिसून राहिली. मीही खूश. मग एका सकाळी पाहतो तर तीन रोपं जागेवर नाहीत. तिथे माणूसभर खोल खड्डा, आणि शेळ्या चारणाऱ्या बायांची पायवाट दोन हातांवर.

मी घाबरलो. काम गेलं तर घरी कोणत्या तोंडाने जाऊ? काटक्या टाकून वर माती लोटायला लागलो. तेवढ्यात बरे होऊन कामावर आलेले मामा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी खड्डा पाहिला, आळी पाहिली.

"झाडाले पाणी पाजून राहिला होता का खदानीले?"

मी रडायलाच लागलो. त्यांनी माझ्या हातातलं टोपलं काढून घेतलं, पायवाट काट्यांनी बंद केली आणि म्हणाले, "चाल, खदानीच्या साहेबाले सांगू."

"मामा, तुम्हीच सांगा ना. मले काढून टाकतील."

"काढतील तं काढतील. उद्या एखादी बाई आत गेली, तं कोण सांगन? मी उभा राहतो बाजूले. पण बोलजो तू."

मी बोललो. साहेबांनी दहा मिनिटं झापलं. तेवढा वेळ मामांचा खांदा माझ्या उजव्या खांद्याला लागून होता. शेवटी साहेब म्हणाले, कोणी पडायच्या आत सांगितलंस म्हणून ठेवतो. सगळी आळी मोडायला चार दिवस लागले. तापातून नुकतेच उठलेले मामा माझ्याबरोबर फावडं मारत होते आणि दर आळ्यामागे माझ्या खानदानाला एक टोमणा. पुढे त्यांनी भेगांच्या नोंदींची वही लिहायचं काम माझ्याकडे दिलं. त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं. त्या वहीच्या जोरावर मला इथलं काम मिळालं.

मामींकडून परत येऊन महिना झाला. परवा माझ्याकडून पाण्याच्या चराला चुकीच्या बाजूला उतार दिला गेला, नव्याने भरलेल्या भुईकडे. आता मीच मुकादम. संध्याकाळपर्यंत टाळत राहिलो, मग इथल्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, मग माझ्या उजव्या बाजूला पाहिलं. अजून कोणी यायचंय का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, टेबलासमोर मी एका माणसाची जागा सोडून उभा होतो.

नाही म्हणालो... पण सरकलो नाही.