काकांचं ‘पेरमेस्सो’

स्वतःच्याच घरात परवानगी मागून शिरणारा घरमालक अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर काका पलटणीतून बदलापूरला परतले ते एक लंगडा पाय आणि इटलीचं वेड घेऊन. जखमी झाल्यावर काही महिने ते इटलीच्या दक्षिणेतल्या एका जुन्या दगडी गावात, एका म्हातारीच्या घरी राहिले होते. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात गावं दोनच, ते आणि बदलापूर. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या घराला त्यांनी तिकडच्यासारखा चुना असा फासला की भर दुपारी मावशी डोळ्यांवर पदर ओढूनच अंगणात येई. माडीला बाहेरून जिना काढला. मांडवावर द्राक्षाचा वेल चढवायला गेले, तिथे शेवटी घोसाळीच लागली, पण काका त्यांनाही घड म्हणत.

उन्हाळ्यात हे घर ते मुंबईकरांना हवापालटासाठी देत. ‘भाडेकरू’ शब्द त्यांना खपत नसे, ‘पाहुणे’ म्हणायचं. पाहुणे आले की आम्ही सगळे मागच्या पडवीत. मग आतून लोणच्याची बरणी आणायची झाली तरी काका दाराबाहेर उभे राहून खणखणीत आवाजात विचारणार, “पेरमेस्सो?” म्हणजे, आत येऊ का? होकार आला नाही तर परत. मावशी कोरडी भाकरी पुढ्यात आपटायची. पाड्यावरच्या शेजाऱ्यांना मात्र तो शब्द ‘परमेसा’ असा ऐकू येई. “काका मोठा भगत मानूस, देवाचा नाव घेतल्याबिगर उंबरा नाय वलांडीत,” असं म्हणत एकाने तर बारशाआधी पोराला त्यांच्या पायावर आणून घातलं.

मी तेव्हा अंबरनाथला कारखान्यात नोकरी करायचो आणि मावशीकडेच राहायचो. हे काय खूळ, असं एकदा विचारलं तर काका म्हणाले, “अरे, फौजेनं त्या म्हातारीचं घर ताब्यात घेतलेलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात यायला ती बाई आम्हा परक्यांना ‘पेरमेस्सो’ विचारायची. मला मान वर करवत नसे.”

एका वैशाखात उल्हासनगरच्या निर्वासित छावणीतून एक सिंधी म्हातारी राहायला आली. दम्याने बेजार झालेली. ती जरा स्थिरावते तोच गिरगावचे वकील, आमचे दरवर्षीचे पाहुणे, ठरल्या वेळेच्या आधीच बायकामुलांसह टांग्यातून उतरले. “बाईंना पडवीत हलवा,” ते म्हणाले, “नाहीतर आमच्या वाडीतलं कोणी पुन्हा इथे येणार नाही.” आणि त्या वाडीवरच तर मावशीची चूल चाले.

“विचारतो त्यांना,” म्हणून काका दाराशी गेले. “पेरमेस्सो?” आतून आवाज नाही.

“अहो, घर तुमचंच ना?” वकील कडाडले.

“घर माझंच. पण राहतायत त्या.”

टांगा आल्या वाटेने गेला. मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

मग दार किलकिलं झालं. म्हातारीने सगळं ऐकलं होतं. ती बोचकं बांधून दारामागेच उभी होती. “कॅम्पमें कोई भी पडदा उठाके आता है,” ती म्हणाली, “और इधर मालिक पूछता है?” तिने ओढणीने डोळे पुसले आणि दार सताड उघडलं. “अचु, पुट.” ये, बाळा. काका लंगडत आत गेले, आणि मला माझ्या या नात्याचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

बरी होऊन जाताना तिने आम्हाला घरी बोलावलं. दिवाळीत काका इस्त्रीचा कोट घालून, मावशीला आणि मला घेऊन उल्हासनगरला गेले. जुनी लष्करी बराक, तिच्यात गोणपाटाचे पडदे, आणि दोन पडद्यांमधली जागा म्हणजे तिचं घर. म्हातारी ओशाळून उभी राहिली. काका खाटेवर ऐसपैस टेकले, त्यांनी चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “घर मोकळं आहे हो तुमचं.”

काका खोटं बोलत नसत. त्यांना ते तसंच दिसलं असणार. तसं पाहणारं माणूस आता आमच्यात कोणी उरलं नाही.