साडेचारवरून पुन्हा साडेतीन

त्या दोन महिन्यांत सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी मी एकच गोष्ट बघायचे. मशीन साडेचारवर आहे की साडेतीनवर? रोज साडेतीनवरच असायचं. आदल्या संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं ते साडेचारवर करून रात्री बंद केलेलं असायचं.

नीट सांगते. मी न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. पुण्यातल्या बिल्डरला फ्लॅट विकायचे असतात, इमारतीच्या जागी अजून खड्डा असतो. त्या खड्ड्यावर पुढं कधीतरी होणारी बाल्कनी, तिच्यातली वेताची खुर्ची, खुर्चीवर पडलेलं ऊन हे सगळं मी कॉम्प्युटरवर रंगवते. एकेका चित्रासाठी मशीन तासन् तास राबतं. माझा प्रोसेसर जुना. कंपनीनं त्याला नेमून दिलेला वेग साडेतीन गिगाहर्ट्झ, तो मी जबरदस्तीनं साडेचारवर पळवायचे. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. थोडा तापतो, पण पळतो. साडेतीनवर आला की चार दिवसांचं काम पाच दिवसांवर जातं.

आणि मला तो पाचवा दिवस परवडणारा नव्हता. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकव्याचा झटका येऊन गेला तेव्हा मी पुण्याहून मशीन उचलून भवानीनगरजवळच्या आमच्या घरी आले. आई नाही, भाऊ नाही. ऑफिसातले सर फोनवर म्हणाले होते, "दोन महिने बघू. कामं वेळेत आली तर तिकडेच बसा, नाहीतर इकडे यावं लागेल." मशीन पळालं तर मी आबांजवळ, नाही पळालं तर पुण्यात. मामला एवढा सरळ होता.

तर मी मशीनच्या मागं हात धुऊन लागले. आधी संशय उष्णतेवर घेतला. जवळच्या साखर कारखान्याचं गाळप चालू होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी पडते, तशी आतल्या पंख्यावरही बसली होती. पंखा ब्रशनं साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. दुसऱ्या दिवशी साडेतीन. मग विंडोजची वीज वाचवायची सेटिंग बदलली. साडेतीन. मग इंटरनेटवरच्या शहाण्यांचं ऐकून बायोसमध्ये शिरले. मशीन चालू होताना ज्या पडद्यावर हा वेग लिहून ठेवायचा असतो, तो बायोस. तिथं व्होल्टेज चिमूटभर वाढवलं, चिमूटभर कमी केलं, आमटीत मीठ बघावं तसं. संध्याकाळी झकास चालायचं आणि सकाळी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. परत साडेचारवर नेऊन ते टिकतंय का हे बघण्यातच दिवस मावळायचा, काम मागं पडायचं.

शेवटी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि एसटीनं बारामतीला नेलं. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, परवा साडेचारवर केलं, तवापासून तिथंच हाय. मशीनला कायबी झालेलं न्हाय." घरी उच्छाद मांडणारं पोर दवाखान्यात गेल्यावर गप गुमान बसतं, तसं ते टेबलावर बसलं होतं. मी परत चादर बांधली. दुसऱ्या सकाळी घरी साडेतीन. मला रडू आलं. चाळिशी उलटलेल्या बाईनं प्रोसेसरसाठी रडावं हे माझं मलाच पटेना, पण आलं.

तोवर दोन कामं उशिरा गेली होती. 

मग एक दिवस रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं आमच्याकडची इंटरनेटची वायर तोडली. मशीन चालू केलं तर कोपऱ्यातलं घड्याळ कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होतं. एरवी इंटरनेट आलं की घड्याळ आपोआप बरोबर व्हायचं, त्यामुळं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी बारामतीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, मशीनच्या आतल्या बोर्डावरचा सेल गेलाय," दुकानदार म्हणाला. "बटनासारखा गोल असतो बघा. तो मेला की वीज पूर्ण तुटल्यावर बोर्ड सगळं इसरतो. तारीख बी अन् तुमचं साडेचार बी. पण नुसतं मशीन बंद करून असं हुत न्हाय, प्लगला वीज असतीच. आमच्या दुकानात म्हणूनच चाललं. तुमी रोज घरचा मेन स्विच पाडता काय?"

"न्हाय ओ," मी म्हणाले. "मेन कशाला पाडतंय कोण?"

"मी पाडतो की," मागून आबा म्हणाले.

आबांनी तीस वर्षं साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात काढलेली. पहाटे शेतीची थ्री फेज लाईट आली की शिवारातल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातलं व्होल्टेज खालीवर होतं. त्या वेळेला टीव्ही, फ्रिज बंद ठेवायची आमच्याकडं जुनी रीत आहे. आबा एकेका बटणाच्या भानगडीत पडत नव्हते. पाचला उठायचे, काठी भिंतीला टेकवायचे, चांगल्या हातानं मेन पाडायचे आणि मोटारी स्थिरावल्या की वर करायचे. मी तेव्हा झोपेत असायचे. दुखणं हल्याला आणि मी दोन महिने पखालीला इंजेक्शन देत होते.

मी ओरडले. इतकी ओरडले, की बुद्धविहारात निघालेली शेजारची चुलतवहिनी कुंपणाशी थांबली. "दोन महिने, आबा! दोन महिने मी ह्या डबड्याशी झोंबतीय. तुमच्या मेनपायी माझं काम जायची येळ आली!"

आबा बाजेवर बसले. झटक्यापासून त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी मी तेवढाही वेळ द्यायला तयार नव्हते. तरी ते बोललेच. "व्होल्टेजनं मशीन जळालं असतं. मशीन जळालं म्हंजी तू पुण्याला गेली असतीस. तू फोनवर बोलत हुतीस न्हवं सायबाशी? म्हून पाडत हुतो."

माझा राग गेला नाही. पण मला माझीच लाज वाटली, आणि फार थकवा आला. मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

भवानीनगरात घड्याळवाल्याकडं तो सेल मिळाला. बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या पहाटे आबांना मी मुद्दाम मेन पाडायला लावलं. सकाळी साडेचार. पुढचा आठवडाभर साडेचार. कामं वेळेच्या आधी जायला लागली.

सरांचा फोन आला तो दहाव्या दिवशी. आवाज अगदी मऊ होता. ती दोन कामं ज्या बिल्डरची होती, तो फार चिडला होता. एक तारखेपासून ऑफिसातच या, म्हणाले.

"सर, मशीनचा प्रॉब्लेम सापडलाय. आता एकदम व्यवस्थित चालतंय."

"चांगलंय की," सर म्हणाले. "मग तेही घेऊन या."

आबांना सांगायला मी दोन दिवस लावले. चुलतवहिनी दोन वेळचं जेवण बघायला तयार झाली, मग सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्यामुळं झालं का गं?"

"न्हाय ओ आबा. तिकडं कामच वाढलंय."

 ज्या माणसानं उभा जन्म बिघाड कुठं आहे हे शोधण्यात घालवला, त्याला मी बिघाड दुसरीकडंच असल्याचं सांगत होते.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी येत जा."