निळं छत

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नळीकाका म्हणत, कारण बावीस वर्षं ते एका लांब नळीपाशी बसून होते. स्पंज, दाबलेल्या लोकरीचा नमदा, काहीही आलं की त्याची गोल चकती कापायची, नळीच्या एका तोंडाशी बसवायची, दुसऱ्या तोंडातून आवाज सोडायचा आणि परत किती आला ते मोजायचं. कमी परतला की माल चांगला. चकती केसभर सैल राहिली तरी फटीमुळे आकडा खोटा येतो, म्हणून ते कडेला व्हॅसलीन लावत. अशा माणसाला बायको चिकट म्हणाली तर तिचं काय चुकलं!

त्यांची मुलगी कानाला यंत्र लावायची. घरी तिला ऐकू यायचं, वर्गात नाही. तिथे बाईंचे शब्द सिमेंटच्या उघड्या छतावर आदळून एकमेकांत मिसळायचे आणि यंत्र तो सगळा गोंधळ तिच्या कानात ओतायचं. काकांनी शाळेचा पिच्छा पुरवून छताला नमद्याचे तक्ते बसवायला लावले. नमुना स्वतः मोजला. नव्वद टक्के आवाज तक्ता पिऊन टाकत होता.

"आता बाईंचा शब्द न् शब्द ऐकू येईल बघ," ते लेकीला म्हणाले. एवढं ठामपणे ते जन्मात कधी बोलले नव्हते.

पालकसभेला त्यांनी वर्गात पाऊल टाकलं आणि आधी वर पाहिलं. छत निळंशार चकाकत होतं.

"तक्ते फारच मळकट दिसत होते हो," मुख्याध्यापिका कौतुकानं म्हणाल्या. "ऑइलपेंटचे दोन हात मारून घेतले. मुलं काय खूश आहेत!"

काकांनी एक टाळी वाजवली. ती वरून खणखणीत परत आली. नमदा आवाज पितो तो आपल्या बारीक छिद्रांनी, आणि छिद्रं तर बुजली होती. 'रंग देऊ नये' एवढी एक ओळ त्यांनी शाळेला दिलेल्या अहवालात लिहिली नव्हती. नळीपाशी बसणाऱ्याला ती सुचतच नाही, तिथे नमद्याला रंग देतो कोण? पण शाळेला हे कसं कळावं? चूक काकांचीच होती, आणि ती त्यांना पुरती कळली.

त्यांनी चाचरत सगळं सांगितलं. खरवडलं तर नमदाच सोलून निघेल, हेही सांगावं लागलं.

"अरेरे! मग नवे तक्ते उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू हं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता पुन्हा वर्ग बंद ठेवता येणार नाही."

लेकीचं इथलं हे शेवटचं वर्ष; उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती या शाळेत नसणार होती.

तेवढ्यात वर्गशिक्षिकेनं पालकांसमोर धडा घ्यायला म्हणून मुलांना कुठलं तरी पान उघडायला सांगितलं. लेकीनं आधी शेजारणीच्या पुस्तकात डोकावून पाहिलं आणि मग आपलं पान शोधलं. काकांना तिथे उभं राहवेना.

घरी जाताना रस्त्यात थांबून, तिला ओठ दिसतील असं वाकून त्यांनी विचारलं, "वर्गात ऐकू येतं का गं?"

"सगळं!" ती लगेच म्हणाली आणि त्यांचा हात घट्ट धरला. "तुम्ही मोजलंय ना, बाबा."

काकांना तिच्याकडे बघवेना. "हो," ते म्हणाले.