गुरुवारची स्थळपाहणी

ती तक्रार हातात आली तेव्हाच खटकली होती, आणि निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही. चाकणकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही.

तक्रार होती सरकारी कामात अडथळा आणल्याची. तक्रारदार, बांधकाम परवानगी कार्यालयातले एक अभियंता. जिच्याविरुद्ध तक्रार, ती लातूरकडून येऊन इथे घर केलेली बाई. नवरा-बायको दोघेही कंपनीत कामाला. शेजाऱ्याने तीन मजल्यांची परवानगी काढली होती आणि नकाशात दोन घरांमधला बोळ खुशाल स्वतःचा दाखवला होता. बाईच्या दाराला दुसरी वाटच नव्हती. तिने दोनदा हरकत घेतली, कार्यालयाने ती परस्पर निकाली काढली. पायाच्या आखणीला अभियंता आले, तशी ही चुन्याच्या रेषेवर मांडी घालून बसली.

"बाईला आत घ्या, काम सुरू होऊ द्या," असे वरून फोन येऊ लागले. फोनवर सांगितलं म्हणून मी कधी कुणाला अटक केली नाही. आधी जबाब घेतो म्हणालो आणि फोन ठेवला.

शेजारी ठाण्यातच तावातावाने बोलत होता. "आमी इथलं मूळचं हाय, सायेब. ह्यांनी आमाला शिकवायचं व्हय?"

बाईचा आवाज चढला नाही. "म्या कुणाला हात लावला न्हाई, सायेब. घरात जायचं कुठून, तेवढं ह्यांनी सांगावं."

गल्लीत पाठवलेला बीट हवालदार परतला तो बातमी घेऊनच. "साहेब, लोक म्हणतात, आखणीच्या आधी अभियंता तिथं फिरकलेच नाहीत."

मी अभियंत्याला चहा मागवला. दमात घेतलं की खोटं बोलणारा गप्प बसतो, चहा पाजला की रंगवून सांगतो.

"हरकतीचं काय केलंत?"

"स्थळपाहणी केली ना साहेब. दाराला कुलूप. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे कंपनीत गेलेले. मग हरकत निकाली काढली."

"वार कोणता?"

"गुरुवार. पक्कं आठवतंय."

हवालदाराने हसू दाबलं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी गल्लीत गोधड्या वाळत असतात, घराघरांत मटण शिजत असतं, बनियनवरचे पुरुष ओट्यावर पत्ते कुटत असतात. पाय ठेवायला जागा नसते. हे साहेब शहरातून येणारे, त्यांची सुट्टी रविवारची. उरलेले सगळे वार त्यांना सारखेच.

"गुरुवारी अख्खा पट्टा घरी असतो, राव," मी म्हणालो. "तुम्ही नेमके कुठल्या गल्लीत गेला होतात?"

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "शेजारी म्हणाले, बोळ आमचाच आहे. मी ऑफिसातच बसून..."

मला संताप आला. एका बाईचं दार बुजवायला निघाले होते, आणि जागेवर जायचे कष्टही घेतले नव्हते. मी गुन्हा दाखल केला नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत सगळं नोंदवलं आणि त्यांच्या वरिष्ठांना अहवाल पाठवला. फोन पुन्हा आले. अहवालाची प्रत हवी असेल तर पाठवतो, एवढंच मी म्हणालो.

काम थांबलं. पुन्हा पाहणी झाली, तीही गुरुवारीच, भरल्या गल्लीत. टेपचं एक टोक अभियंत्याच्या हातात, दुसरं बाईच्या. बोळ दोघांचा सामाईक निघाला आणि भिंतीची रेषा मागे सरकली.

टेप गुंडाळताना अभियंता पुटपुटले, "बाई, एवढ्यासाठी पोलिसांपर्यंत जायचं?"

"म्या कुठं गेले?" ती म्हणाली. "म्या तुमच्याकडंच येत होते. पोलिसात तर तुमीच नेलं."

त्यानंतर भांडखोर म्हणून कुणालाही माझ्यासमोर उभं केलं, की मी आधी विचारायचो, हा पहिल्यांदा कुणाच्या दारात गेला होता आणि तिथं त्याचं कुणी ऐकलं का. साहेब लोकांना हा प्रश्न आवडायचा नाही. मी तो विचारतच राहिलो.